चौसष्ट जीबी मोकळे

९ नोव्हेंबर, रविवार. संध्या. ७
निघोज्याला अफरीनचा निकाह. तिचे वडील मीरासाहेबचाचा अकरा वर्षं माझी बाइक दुरुस्त करताहेत, म्हणून आहेर माझ्याकडून ड्रोन शूटिंगचा. मंडपावरून चार चकरा. झकास! चाचांना फोटोचं वावडं. कॅमेरा दिसला की पाठ फिरवतात. पण त्यांचा मुलगा कामरान म्हणाला, अब्बा ड्रोनकडे बघून हसले, रुमाल हलवला, भाऊ तेवढा एक व्हिडिओ लवकर दे राव. म्हटलं, उद्या सकाळी.

१० नोव्हेंबर, सोमवार
फर्स्ट शिफ्ट. लॅपटॉपचा चार्जर मेव्हण्याकडे. यात माझा दोष नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मोठा शोध. केबल, लॅपटॉप काहीच नको! ड्रोनचं ॲप उघडलं तर सगळे व्हिडिओ फोनवरच. एक दाबून बघितला, लगेच सुरू. म्हणजे आपोआप आलेलेच आहेत. लोक उगाच ट्रान्सफर ट्रान्सफर करत बसतात. बायको स्वरूपा म्हणाली, ड्रोन बंद करूनही लागतात का ते बघा एकदा. म्हटलं, क्वालिटी डिपार्टमेंटला तू आहेस की मी? चाचांचा शॉट निवांत बघू.

१६ नोव्हेंबर, रविवार
चाकणला कंपनीत आमच्या लाइनला फाइव्ह एसचं, म्हणजे टापटिपीचं, पहिलं बक्षीस! नियम पहिला: नको ते ओळखा, लाल टॅग लावा, काढून टाका. एकच वस्तू दोन जागी म्हणजे गुन्हाच. आणि इथे व्हिडिओ फोनमध्येही, ड्रोनच्या कार्डातही. कार्ड फॉरमॅट केलं. चौसष्ट जीबी मोकळे. काय हलकं वाटलं! संध्याकाळी गच्चीवरून ढगांचं शूटिंग, दोन बॅटऱ्या संपेपर्यंत.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कामरानचे तीन मिसकॉल. ओव्हरटाइम होता. मेसेज टाकला, एडिटिंग चालू आहे. तसं मनात चालूच आहे.

२ डिसेंबर, मंगळवार
मीरासाहेबचाचा गेले. सकाळी गॅरेजचं शटर वर केलं आणि तिथेच खाली बसले, ते उठलेच नाहीत. परवाच माझी क्लचवायर बदलून दिली होती. म्हणाले होते, तुझ्या त्या भिंगरीनं काय काढलं त्ये दाव की कवातरी. मी म्हटलं होतं, पुढच्या रविवारी. दफनाला गेलो. कामरान माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. फार वाईट वाटलं.

६ डिसेंबर, शनिवार
कामरान घरी आला. रोशनबीचाचींचा निरोप: चाळिसाव्याला समदं गोत जमंल, तवा त्यांचा त्यो हसल्याला व्हिडिओ लावायचा, दुसरं मला काय बी नको. घरात आधार कार्डावरचा सोडून त्यांचा फोटोच नाही. म्हटलं, चाचींना सांग, झालंच समज.

७ डिसेंबर, रविवार
ॲप उघडलं. छोटे छोटे चौकोन दिसतात. दाबलं की म्हणतं, ड्रोन जोडा. जोडला. ढग आले. नुसते ढग. म्हणजे त्या दिवशी फोनवर दिसत होतं ते कार्डातलंच. स्वरूपाने येऊन ड्रोन बंद केला. मुद्दाम केला.

८ डिसेंबर, सोमवार
शांतपणे विचार केला. चूक ॲपवाल्यांची. कडक मेल लिहिणार आहे.

१३ डिसेंबर, शनिवार
पिंपरीत मोईजभाईचं दुकान. पुसलेलं परत काढून देतो. म्हणाला, फॉरमॅटचं टेन्शन नाही भावा, त्याच्यावर नवीन काही रेकॉर्ड नाही ना केलं? म्हटलं, किंचित. त्याने कार्ड ठेवून घेतलं.

१७ डिसेंबर, बुधवार
मोईजभाईला चाचांचं काहीच सापडलं नाही. पैसे घेतले नाहीत त्याने. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

२८ डिसेंबर, रविवार
कंपनीत चूक झाली की आम्ही पाच वेळा ‘का’ विचारतो, म्हणजे मूळ सापडतं. घरी तोच फॉर्म भरायला बसलो. तिसऱ्या ‘का’लाच माझं नाव यायला लागलं. फॉर्मच सदोष आहे. फाडला.

९ जानेवारी, शुक्रवार
ठरलं. उद्या सरळ सांगायचं, कार्ड खराब निघालं. कार्डं होतातच खराब.

१० जानेवारी, शनिवार
निघोजे. चाळिसाव्यासाठी भिंतीवर पांढरी चादर ताणून लावलेली. कामरानने कुठूनतरी प्रोजेक्टर आणलेला. माणसं जेवून चादरीकडे तोंड करून बसलेली. कार्ड खराब म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, चाची, माझ्या हातून पुसला गेला. मग फाइव्ह एस, फॉरमॅट, ढग, सगळंच सांगत सुटलो. कामरान उठून बाहेर गेला.

चाचींनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, गेलं त्ये गेलं, बाबा. फुडचा दात तुटल्यापास्नं ह्ये मानूस चारचौघांत रुमाल तोंडाम्होरं धरल्याबिगर हसलं न्हाई. त्या दिशी रुमाल हलवला म्हंत्यात, मंजी तोंड उघडं व्हतं. मी आत पोरीपाशी व्हते. तू तर वरनं बघितलंस न्हवं? कसं दिसत व्हते?

म्हटलं, फार छान, चाची.

त्यो तुटका दात दिसला?

म्हटलं, हो, तोही दिसला.

त्या खूप रडल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी येऊन हे लिहितोय. निकाहाच्या दिवशी मी चाचांकडे बघितलंच नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरी बघत होतो. अठरा टक्के होती.