गाळलेले दिवस

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! पंचावन्नाव्या वर्षी नवी नोकरी. विहारामागची लेखनशाळा म्हणजे एक लांबट खोली, चार खिडक्या, भिंतीशी कापडात गुंडाळलेल्या पोथ्या. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला ही जुनी लिपी कशी येते, असं थोरल्या भन्तेंनी विचारलं. म्हटलं, लेक शिकायची तेव्हा तिच्या खांद्यावरून बघून बघून उचलली. भन्ते हसले आणि ताडपत्रांचा गठ्ठाच हातात ठेवला.

६, गुरुवार
लोखंडी लेखणीनं बोटाला फोड आला, पण हात बसला. अक्षर कोरायचं, काजळी चोळायची, पुसलं की उठून दिसतं. कोरलेलं खोडता मात्र येत नाही. पोथी एका भिक्खूच्या दिवसांची. सकाळी उठतो, पात्र घेऊन गावात जातो, मिळेल ते खातो, पाय धुऊन बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, अक्षरन् अक्षर. भन्ते म्हणाले, इतर पोथ्यांत ‘वरच्याप्रमाणे’ची खूण चालते, हिच्यात नाही. हिच्यातला दिवस गाळायचा नाही.
पोथ्यांना फळ्या बसवणारा सुतार भारी मिश्कील. म्हणे, मावशी, तुमच्याआधीचा लेखनिक आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, वर्षभरात काठी टेकत गेला. म्हटलं, बाबा, मी काठी घेऊनच आलेय!

९, रविवार
लेकीचा फोन. १५ला येतेय, आठ दिवस राहणार, मग नोकरीसाठी सातासमुद्रापार. पुन्हा भेट कधी, कोण जाणे. आणि माझी साठ पानं बाकी! ती आल्यावर मी पानांत डोकं खुपसून बसू? एका दिवसाच्या जागी खूण कोरून पाहिली. आभाळ कोसळलं नाही. मग उरलेल्या साऱ्या दिवसांना मिळून एकच खूण कोरली आणि पोथी मिटली. आईची माया आहे, तेवढं माफ होईल.

११, मंगळवार
चहा ओतला, पेल्याला हात लावते तर तो धुतलेला, पालथा, कोरडा. सकाळची दुपार झालेली. सुतार म्हणाला, मघाशी हसून हसून ठसका लागला की तुम्हाला. कशावर हसले, आठवेना. वय झालं, दुसरं काय.

२३, रविवार
लेक दारात दिसली. बॅग घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही. म्हणाली, आई, गाडी आलीय, निघते. डोळे सुजलेले. हे आठ दिवस जन्मभर पुरतील, म्हणाली.
कोणते आठ? आत्ता तर आली — तिच्या केसांना माझ्या तेलाचा वास होता. म्हणजे मी माखलं. मला त्यातला एकही —

२४, सोमवार
भन्तेंना सगळं सांगितलं. म्हणाले, पोथीत गाळलेला एकेक दिवस नव्या पानावर पुरा लिहा. आधीच्या लेखनिकालाही हेच सांगितलं होतं. त्याचं पुरं झालं का, विचारलं. त्यांनी कोऱ्या ताडपत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

तारीख ठाऊक नाही
लिहितेय. सुताराच्या जागी दुसराच कुणी. मला आजी म्हणतो. खिडकीतलं रोप — काल गुडघ्याएवढं होतं — आता कौलांच्या वर —
हा हात माझा?

—
थोडंच राहिलं. दारात पांढऱ्या केसांची बाई. मला आई म्हणतेय — रडतेय —
बस गं बाळा. एवढा दिवस लिहून होऊ दे, मग आपण दोघी —