जावयाच्या गाडीला कंपनीचे टायर

बाबा, टॉमी टायरवर आपटल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. अकोल्याच्या आपल्या दुकानापुढे ट्रक थांबायचा, तुम्ही ती टॉमी, टायर काढायची लोखंडी सळाख, हातात घेऊन एकेका चाकाभोवती फिरायचे, ठोकायचे आणि कान द्यायचे. हवा बरोबर असली की टण्ण, कमी असली की ठप्प. पुढे शाळेत वृत्तं शिकायला लागलो तेव्हा लघू आणि गुरू मला मास्तरांच्या आधी तुमच्या ठोक्यांतून कळलेले होते. पण हे तुम्हाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तुम्ही ते दुकानात बसलेल्या प्रत्येकाच्या कानावर घातलं असतं आणि मला पुन्हा चळतीवर चढवलं असतं.

ती जुन्या टायरची चळत. गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर असायची, कापसाचे व्यापारी बाकड्यावर जांभया देत बसलेले असायचे, आणि तुम्ही आतून हाक मारायचे, "कवीराज, चढा." मी चढायचो, हात मागे बांधायचो आणि पुस्तकातली कविता चालीवर म्हणायला लागायचो. पहिल्यांदा मला ते कौतुक वाटलं होतं. दुसरं कडवं आलं की तुम्ही खालच्या टायरला लाथ घालायचे, चळत डगमगायची, माझी ओळ मध्येच तुटायची आणि बाकडं हसायचं. मीही हसायचो, कारण न हसलेलं पोरगं आणखी हसवतं हे मला लवकर समजलं होतं. त्या रबराच्या वासात म्हटलेल्या कविता आज म्हातारपणीही मला जशाच्या तशा येतात. तुमचा चेहरा मात्र फोटो बाहेर काढून बघावा लागतो.

तुम्ही मला शिकवलं नाही असं म्हणता येणार नाही. मी मॅट्रिकला असताना दुकानामागच्या ओल्या वावरात एका गिऱ्हाइकाची मोठी गाडी उभी होती. तिचं इंजिन समोर होतं आणि जोर सगळा मागच्या चाकांना. तुम्ही मला स्टिअरिंगवर बसवलं, म्हणाले दाब, आणि मी दाबलं. गाडीचा मागचा भाग माझ्या आधी पुढे जायला निघाला. आभाळ, दुकान, निंबाचं झाड, परत आभाळ. मी ओरडत होतो आणि तुम्ही बाहेर पोट धरून हसत होता. गाडी चिखलात रुतून थांबली तेव्हा काचेशी वाकून तुम्ही म्हणाले, "ताकद इंजिनात नसते, रबरात असते. आता म्हण कविता." त्यातलं पहिलं वाक्य मी आयुष्यभर दुकानात गिऱ्हाइकांना माझं म्हणून ऐकवलं. दुसरं कोणाला सांगितलं नाही. फक्त एकदा, मुलगी लहान असताना, तिला हसवायला म्हणून चळतीची गोष्ट सांगितली होती.

ती मुलगी आता अकोल्यात नांदते. मी दुकान विकून तिच्या आईसोबत अमरावतीला राहतो. जावई बी-बियाण्याच्या धंद्यात आहेत, धंदा बरा चालतो, आणि त्यांनी यंदा गाडी घेतली. काळी, बसकी, रस्त्याला पोट टेकवून उभी असलेली. जोर मागच्या चाकांना. धोंड्याचा महिना ऐन पावसात आला, म्हणून परवा लेक-जावयाला जेवायला बोलावलं होतं. जेवून, मुक्काम करून, सकाळी दोघं घाट चढून सेमाडोहला जाणार होते. गाडी फाटकात आली तेव्हा मी आधी टायर बघितले. नव्या रबराचे बारीक केसही अजून त्यांच्या अंगावरून झडले नव्हते. कंपनीतूनच लागून आलेले, रुंद, खाचा उथळ, रबर कडक. असे टायर कोरड्या सिमेंटच्या रस्त्यावर सरळ जाताना फार गुणी असतात. आवाज करत नाहीत, झिजत नाहीत, शोरूममधल्या माणसाच्या शब्दाला जागतात. पाण्यावर मात्र त्या उथळ खाचांना पाणी फेकता येत नाही आणि रुंदी उलटी वैरी होते. वळणावर पाय जरा जास्त पडला की मागची चाकं रस्ता सोडतात.

स्वयंपाकघरात मुलीने आईला सांगितलं की येताना मूर्तिजापूरच्या पुढे गाडी मागून सरकली होती. गाडीत एक बटण आहे, चाक निसटायला लागलं की ते इंजिनाचा जोर आपोआप कमी करतं, पण जावई ते बंद करून चालवतात, मजा येते म्हणतात. ती दाराची कडी धरून बसली होती आणि ते हसत होते. बायकोने मला हे हळूच सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तुमी काई बोलू नका. धोंड्याले आलेला जवाई हाये." तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे या महिन्यात जावई म्हणजे देव. त्याच्या ताटात धोंडे वाढायचे, दिवा लावून वाण द्यायचं, आणि त्याच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. मी तरी बोललो. अगदी मऊ बोललो. घाटात जायच्या आधी टायर बदलून घेतले तर बरं, मुलगी सोबत आहे.

त्यांनी पुरणाचा घास संपवला. म्हणाले, "मामाजी, कंपनीत इंजिनिअर बसून राहिले ना. त्यांनी विचार करूनच लावले असतीन. तुमी ट्रकचे टायर विकले." मी म्हटलं, हो. मग ते मुलीकडे बघून हसले आणि म्हणाले, "अन् टायरवर चढून कविताही म्हणत होते म्हणे तुमी. चढता काय आज? चार नवेकोरे उभे हायेत बाहेर."

मुलीने मान खाली घातली. तिने ते कधीतरी प्रेमाने सांगितलं असणार. मी हसलो, बाबा, अगदी तसाच, आणि त्यांच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला. मग म्हटलं, जावईबापू, एवढी सुंदर गाडी आहे, म्हाताऱ्याला एक चक्कर तर मारून आणा.

चांदूर बाजारच्या रस्त्याला वलगावच्या पुढे कोणीतरी प्लॉटचं लेआउट पाडायला वावर सपाट केलं आहे. मधून नवा डांबरी रस्ता, घर एकही नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर आणून टाकलेली, वरून भुरभुर पाऊस. पाहायला फार देखणं होतं, ओलं डांबर आणि त्यावर मातीचा काळा लेप. मी म्हटलं, बटण बंद करा आणि वळणावर दाबा. ते म्हणाले, "पाहा आता." आणि दाबलं. गाडीची शेपूट आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि मला खरोखर भुजंगप्रयात आठवलं, ती सापासारखी वळत जाणारी लय. मग यती चुकावी तशी ती एकदम सुटली आणि आम्ही गरकन फिरून आलो त्याच दिशेला तोंड करून थांबलो. "माय वो," ते म्हणाले. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग कवटाळलं होतं.

मग त्यांनी आपणहून ते बटण परत लावलं. हलक्या आवाजात म्हणाले, "मामाजी, घाट राहू द्या उद्या. आधी टायर पाहू. कोणते घ्याचे ते तुमीच सांगा."

काम झालं होतं. माझी मुलगी घाटातून वाचली होती, आणि जावयाने ते कोणी न सांगता कबूलही केलं होतं. तिथून घरी यायचं, चहा प्यायचा. मी म्हटलं, "बटण बंद करा. अजून एकदा."

ते नको म्हणाले. मी म्हटलं, कंपनीत इंजिनिअर बसून राहिले ना. ते नको म्हणाले, मी पुन्हा म्हटलं, आणि शेवटी त्यांनी दाबलं. सासऱ्याला जावयाचा मान राखावा लागतो तसा जावयालाही सासऱ्याचा शब्द मोडता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं आणि मी त्याच्यावरच दाबून बसलो होतो. दुसऱ्यांदा गाडी फिरली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी वाकून म्हटलं, "म्हणा आता एखादी कविता."

संध्याकाळी ओसरीवर शेजारी आले, जावईबापूंना भेटायला. मी सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. डोळे कसे मिटले, स्टिअरिंग कसं कवटाळलं, "माय वो" कोणत्या सुरात निघालं. मला नक्कल चांगली येते, कवितेच्या माणसाला आवाज सापडतो. शेजारी डोळे पुसेपर्यंत हसले. एक जण म्हणाला, "जवाईबुवा, पुढच्या धोंड्याले बैलगाडीनंच या." जावई उठले, गाडीची चाबी टीव्हीवर ठेवली, वाण तसंच टाकून पायी बसस्टँडवर गेले. बायको मागे धावली, ते वळले नाहीत.

मुलगी त्यांच्यासोबत गेली नाही, पण माझ्याकडेही राहिली नाही. घरात आहे, एवढंच. काल दुपारी ती भांडी विसळत होती तेव्हा मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं. तिने नळ बंद केला. "बाबा, पहिल्यांदा गाडी फिरवली ती माझ्यासाठी," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा कोणासाठी फिरवली?"

तेव्हापासून मी हे लिहायला बसतो आणि उठतो. उत्तर मला माहीत आहे आणि ते मी तिला देणार नाही. गाडी दुसऱ्यांदा फिरत असताना, आभाळ आणि माती एकमेकांत मिसळत असताना, मी मागे वळून रिकाम्या सीटकडे बघितलं होतं. तुम्ही तिथे हवे होते. तुम्ही पोट धरून हसला असता, आणि एकदा तरी माझ्यासोबत हसला असता.

इथपर्यंत लिहून झालं आणि फाटक वाजलं. मला वाटलं जावयांनी गाडी न्यायला कोणाला पाठवलं असेल. बघतो तर विहीणबाई. या माउलीने मुलांच्या लग्नानंतर आमच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. अकोल्याहून बसने आल्या, पदर ओला, सोबत एक ड्रायव्हर. पाणी घेतलं नाही, बसल्या नाहीत. उंबरठ्यावरूनच मला म्हणाल्या, "इवाई, माह्या पोराले तुमी चार लोकांत हसले. तो दोन दिवस जेवला नाई. मी सुनेले न्याले आली. याच गाडीत नेईन, याच टायरवर. तुमचा जीव उडू द्या जरासा."

बाहेर पाऊस धरला आहे. ड्रायव्हर टीव्हीवरची चाबी घेऊन गेला. मुलगी आत बॅग भरते आहे आणि बायको माझ्याकडे बघते आहे. विहीणबाई एवढंच म्हणाल्या की नाहीतर आत्ता माह्या पोराले फोन लावा, अन् म्हणा चुकलं माह्यं, मग मी एकटी बसनं जातो. तुमच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही, त्यामुळे तो कसा म्हणतात ते मला ठाऊक नाही, असं लिहिणार होतो. पण तेही खरं नाही, तो शब्द मला म्हणता येतो.

फोन समोर आहे. त्यांचा नंबर मला पाठ आहे. बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला, आणि मी अजून तुम्हालाच लिहितो आहे.