मशीन त्याचं, धार माझी

४ फेब्रुवारी
आलं एकदाचं लाकूड कापायचं मशीन घरी! आठवडाभर मिस्त्रीकडे पडलं होतं. चिरंजीवांनी अंगणात चालू करून दाखवलं — मांजर जी पळाली ती अजून परत नाही. सायलेन्सरचं तोंड मोठं केलंय, कार्बोरेटर नव्याने लावलाय, हवेची जाळी बदललीय. एवढा खटाटोप वखारवाल्यासाठी. त्याला टेबलांसाठी लांब जाड फळ्या चिरून हव्यात. सतरा तारखेला एक फळी चिरून दाखवायची. सरळ निघाली तर त्याचं सगळं काम आपलं. वाकडी निघाली तर दुसऱ्याचं, आणि वर हसं.

मिस्त्री सोबत आला होता. म्हणतो, "आजी, आता मशीनमध्ये दम आलाय. चेनने मोठा घास घ्यायला पाहिजे. दातापुढचे खुंट कानशीने जरा उतरवा." मला शिकवतो! चेनला धार मी लावते, तो नाही. खुंट उंच राहिला तर दात लाकडाला नुसता चाटतो, फार उतरला तर मशीन उसळून अंगावर येतं. हे मला ह्यांनी शिकवलं तेव्हा मिस्त्री दुधाच्या बाटलीला लटकलेला होता. म्हटलं, "केसभर उतरवीन. जास्त नाही. मला मुलगा एकच आहे."

चेन ज्या पट्टीवरून फिरते ती अधूनमधून उलटी बसवावी लागते, नाहीतर एका अंगाने झिजते. चिरंजीवांना विचारलं, उलटतोस का? "उलटतो गं." उलटतो म्हणे! स्वतःची चादर उलटत नाही तो.

६ फेब्रुवारी
दोन दिवस नुसती कानस. बोटं काळी, मान धरली. झाली चेन.

८ फेब्रुवारी
बघितलं आज! केवढा ओंडका — आणि मशीन त्यात असं उतरलं, जसा ओल्या साबणात दोरा. भुश्शाचं पीठ नाही, चपट्या कपच्या उडत होत्या. काप अगदी ओळंब्यात. मिस्त्रीने चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारली, चिरंजीवांनी मिस्त्रीच्या. माझी पाठ मोकळीच. इंजिन नुसतं ओरडतं, कापते ती धार. पण कौतुक ओरडणाऱ्याचं!

सून दारात उभी होती. वाकून काप बघितला आणि आत गेली. ती कधी बोलते?

१० फेब्रुवारी
काल परत धार लावून झाल्यावर शेड झाडून काढली होती. आज बघते तर चेन धरायच्या व्हाइसखाली लोखंडाचा कीस. ताजा, चमकणारा. आणि माझी कानस खिळ्याला उलट्या तोंडाने टांगलेली. मुठीला बांधलेली चिंधी ओलसर — कोणाच्या तरी घामाची. माझा हात कधी घामेजत नाही.

मिस्त्री असणार. शिकून घेतोय मेला!

१२ फेब्रुवारी
आज पुन्हा सगळे दात घासले. मग नातीकडे नेलपॉलिश मागितली. "आजी, तू लावणार?" म्हटलं, "हो, लग्न ठरलंय माझं." डाव्या अंगाच्या एका दाताला ठिपका, उजव्या अंगाच्या एकाला ठिपका. बरोबर धारेवर. आता बघू.

१३ फेब्रुवारी
दुपारी आडवी झाले, पण झोपले नाही. शेडमधून कानशीचा आवाज. गेले.

सून! चेन व्हाइसमध्ये, माझी कानस हातात. डाव्या दातावरचा ठिपका तसाच. उजव्याचा गेलेला.

"काय चाललंय?"

दचकलीसुद्धा नाही. "तुमचे उजवे दात लांब राहतात, आई. मशीन एका अंगाला ओढतं. सारखे करते."

"कधीपासून?"

"तुमच्या गुडघ्याचं झालं, त्याच्याही आधीपासून."

गुडघा दुखून दोन वर्षं झाली! दोन वर्षं मी दुपारची डोळा लावून पडत होते आणि ही पदर खोचून माझ्या धारेवर धार लावत होती.

चिरंजीवांना जेवताना विचारलं. घास तोंडात तसाच ठेवून म्हणतात, "तुला वाईट वाटलं असतं, आई." म्हणजे त्यालाही माहीत. मिस्त्रीलाही माहीत! "खुंट उतरवा आजी" — आणि मनात हसत असेल. रडणाऱ्या पोराच्या हातात चमचा देतात ना, वाजवत बसायला, तशी मला कानस दिली होती सगळ्यांनी मिळून.

वर आठ तारखेला काय काय लिहिलंय मी! साबण काय, दोरा काय. पान फाडणार होते. नाही फाडत. राहू दे, माझ्या शहाणपणाची खूण.

१४ फेब्रुवारी
कोणाशी बोलले नाही. फक्त मांजरीशी. ती परत आली. ती तरी पळाली ती माझ्या डोळ्यांदेखत.

पडल्या पडल्या डोक्यात उजेड पडला. दात नाहीच — पट्टी! हा पठ्ठ्या पट्टी उलटत नाही, ती एका अंगाने झिजली, म्हणून मशीन ओढतं. खापर म्हातारीच्या डोक्यावर! ह्यांची साधी तपासणी होती: पट्टी काढायची, आरसा आडवा ठेवून त्यावर काठावर उभी करायची. दोन्ही कडा सारख्या असतील तर उभी राहते, एक झिजली असेल तर कलंडते. उद्या करते आणि सगळ्यांची तोंडं बघते.

१५ फेब्रुवारी
नाही केली. बघायचंय काय त्यात, मला माहीतच आहे.

त्याऐवजी चेन घासली आणि पदराखाली घेऊन बसले. संध्याकाळी चिरंजीवांना म्हटलं, "तुझ्या बायकोचा हात न लागलेली चेन आहे. लाव आणि काप."

कापलं. अर्ध्यापर्यंत गेला काप, मग वळला. विळ्यासारखा.

मी म्हटलं, "बघ! बघ तुझी पट्टी!"

त्याने मशीन बंद केलं. कपाळ पुसलं. म्हणाला, "असेल, आई."

असेल! भांडला असता तर बरं झालं असतं. भांडण्याएवढीही किंमत राहिली नाही माझी.

१७ फेब्रुवारी
फळी सरळ निघाली. काम मिळालं. चेनची धार सुनेची.

चिरंजीव आनंदाने सांगत आले, "आई, वखारवाला म्हणाला, आजींच्या हाताला तोड नाही. मी म्हटलं, नाहीच!" अजून तेच! माझ्या तोंडावर! वाटतं म्हातारी ऐकेल आणि पाघळेल.

सून ताटं पुसत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने एक ताट आपटलं. चांगलं जोरात. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

१८ फेब्रुवारी
घरात कोणी नाही. पट्टी काढली. आरशावर उभी केली.

उभी राहिली.

फुंकर मारली. टेबल हलवलं. उभीच. दोन्ही कडांवरून बोट फिरवलं — सारख्या. चिरंजीव उलटत होते पट्टी. नेमाने.

कानशीच्या मुठीवरची चिंधी सोडून चुलीत टाकली. कानस सुनेच्या कंगव्याशेजारी ठेवली. चिंधी तिची तिने बांधावी, तिच्या हाताच्या मापाची.