गोड्या मसाल्याची बरणी

रविवार, संध्याकाळ. कोथरूड.

आई गेल्यावर आज पहिल्यांदाच बाबांकडे पिझ्झा केला. मी बेस लाटत होते, बाबा सॉस ढवळत होते. आई त्यात चमचाभर गोडा मसाला घालायचीच, म्हणून त्यांनीही घातला. तिच्या हातचा, बरणीतला शेवटचा.

मी ओरडलेच, "अहो बाबा, मला विचारायचं तरी!"

बरणीला झाकण लावत ते म्हणाले, "संपू नये म्हणून सहा महिने आमटी केली नाही मी. आज तू आलीस, म्हणून घातला."

आणि मला वाटायचं, कंटाळा येतो म्हणून डबा लावलाय.

पिझ्झा अगदी आईच्या चवीचा झाला. दुसरा तुकडा कुणालाच घेववेना. बरणी तशीच ओट्यावर आहे.

मला विचारायचं, म्हणे. मसाला कसा करायचा, हे मी आईला कधी विचारलं?