बोटभर कललेली भिंत

माझ्या हट्टी लेका,

लिहून घेतेय तुझीच लेक, म्हणून तिचं कौतुक जरा आवरतं घेते.

तू तिला म्हणालास, "आर्किटेक्ट हो, सावलीत बसून नकाशे काढ. सिव्हिलला साइटवरची धूळ खावी लागते." अरे, तू पोटात असताना मी तीन मजले घमेली वाहिली. ती धूळ तुलाही बाधली नाही.

काल पोरीने स्वयंपाकघरात ओळंबा सोडला. "आजी, आजोबांची भिंत बोटभर कललीय!" चाळीस वर्षं तिथे रांधलं, मला कधी दिसलं नाही. तुझे बाबा पट्टीचे गवंडी. असते तर आधी तिच्याशी भांडले असते, मग गल्लीभर सांगत फिरले असते.

सिव्हिलच्या अर्जावर पालक म्हणून मीच अंगठा उठवलाय. तू मोडता घालशील, म्हणून प्रवेश झाल्यावरच हे पत्र टाकू. आता काय रागवायचं ते रागव.

तुझी आई