शेंडे बघून पाणी

प्रिय दाविद,

हे पत्र तुला फार आधी यायला हवं होतं. पण सुगी आटोपेपर्यंत लिहायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि काल संध्याकाळी आमच्या द्राक्षांचा शेवटचा ट्रेलर वायनरीकडे गेला. बोटं अजून रसाने चिकट आहेत, अंगठ्याला कात्री लागलीय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बाहेर कात्रीनच्या अंगणात निखाऱ्यांवर पाव भाजतायत, कुणीतरी स्नूक मासा आणून त्याला जर्दाळूचा मुरंबा फासलाय, आणि अपोल्सकाका चक्क गातायत. मी त्यातून उठून आलेय.

कोरड्या सालाच्या बातम्या केप टाउनला तुम्हीही ऐकल्या असतीलच. तुमच्याकडे नळाचं पाणी मोजून मिळत होतं, आमच्याकडे धरणाचा तळ दिसत होता. त्यातच ऑक्टोबरमध्ये शेजारचे मोठे बागायतदार कॉन्राडी साहेब आमच्या सामाईक बागेच्या सभेला आले. चांगला माणूस, गोड बोलतो. म्हणाला, एवढ्याशा पाण्यात तुमचा निभाव लागणार नाही, जमीन मला कराराने द्या, तुम्ही सगळे माझ्याकडे कामाला राहा, महिन्याच्या महिन्याला पगार. ज्या जमिनीवर आपल्या आयांनी दुसऱ्यांसाठी छाटण्या केल्या ती आता कुठे आपल्या नावावर झाली होती, आणि परत तिथेच मजूर व्हायचं. पण अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. त्यांना नावं ठेवता येत नाहीत, घरात लेकरं आहेत. ठरलं असं, की सुगीनंतर हात वर करून निर्णय घ्यायचा.

पाणी अपोल्सकाकांच्या ताब्यात. त्यांची पद्धत तुला माहीतच आहे: मंगळवार आला की पंप सुरू, सगळ्या तुकड्यांना सारखं पाणी. नदीकाठची काळी माती असो नाहीतर कात्रीनच्या वाट्याची टेकडीवरची फुटक्या दगडांची जमीन असो, मंगळवार म्हणजे मंगळवार. त्या दिवसांत झिमखिता नावाची शेतीखात्याची मुलगी आमच्याकडे यायची. तिने मला वेलीचा शेंडा बघायला शिकवलं. म्हणजे बघत तर मी जन्मभर आले होते, पण वाचायला तिने शिकवलं. टोकाची कोवळी पानं मागे पडून शेंडा त्यांच्या पुढे डोकावत असेल तर वेल मजेत वाढतेय. पानांनी शेंड्याला झाकून घेतलं तर वाढ मंदावलीय. शेंडा वाळून गळला तर वेल थांबली. मी वेलींच्या काही फांद्यांना लाल लोकर बांधली आणि शिवणकामाची फीत घेऊन त्यांची वाढ मोजत फिरू लागले. लोक म्हणायचे, सार्लीना वेलींना झगे शिवतेय.

नाताळच्या आधीच चित्र स्पष्ट झालं. नदीकाठच्या माझ्या तुकड्यातल्या वेली वरची माती कोरडी असतानाही सुसाट वाढत होत्या, मुळं खोल ओलाव्यात होती. वर कात्रीनचे शेंडे वाळले होते. मी सभेत उभी राहिले आणि म्हणाले, माझं पाणी तोडा आणि टेकडीला द्या. सगळे हसले. अपोल्सकाका तेवढे चिडले.

“वेल काय तोंडाने बोलते का गं तुझ्याशी?”

“तोंडाने नाही काका, शेंड्याने बोलते. या ऐकायला.”

ते आले नाहीत. पण पाणी माझंच होतं, ते सोडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून त्यांनी कुरकुरत झडप फिरवली. सोपं नव्हतं ते, दाविद. नवरा, येरेमियास, गेल्यापासून तो तुकडा हेच माझं घर चालवणारं माणूस आहे.

जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, उष्णतेची लाट आली. वारा भट्टीतून आल्यासारखा. झिमखिताने तिच्याकडचं यंत्र हंगामापुरतं माझ्यापाशी ठेवलं होतं. यंत्र म्हणजे काय, पायाने दाबून धरायचा सायकलचा पंप असतो ना, तसलंच. वेलीवरच्या एका पानाला चंदेरी पिशवी घालून ठेवायची, भर दुपारी ते खुडून डबीत बंद करायचं, देठ तेवढा बाहेर, आणि हवा भरत जायचं. देठाच्या कापावर पाण्याचा थेंब दिसला की थांबायचं. थेंब लवकर आला तर वेलीत पाणी आहे, जितका जोर जास्त लागेल तितकी ती तहानलेली. कात्रीनच्या टेकडीवर मी हेच करत होते, आणि वळून बघते तो अपोल्सकाका गुडघे धरत चढ चढून आलेले. त्यांनी पंप माझ्या हातातून घेतला. दाबत राहिले, दाबत राहिले, घाम हनुवटीवरून ठिबकायला लागला पण देठावर थेंब येईना. मग आम्ही खाली माझ्या तुकड्यात गेलो. तिथे थोडं दाबल्याबरोबर थेंब चमकला. म्हाताऱ्याने टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, “आज मंगळवार नाही. पण टेकडीवर पाणी सोडतो.”

त्या दिवसापासून मंगळवार संपला. सगळ्या बागेतून आम्ही मिळून फिरायचो, बायका शेंडे बघायच्या, काका थेंब बघायचे, आणि जी वेल मागेल तिलाच पाणी.

फेब्रुवारी लागला तेव्हा मात्र माझी कसोटी आली. माझ्या वेलींचे शेंडे थांबले, खालची पानं पिवळी पडायला लागली, मणी बारीकच राहिले. जाणारे येणारे थांबून बघायचे, ते फार लागायचं. रोज दुपारी मी पान खुडत होते आणि रोज यंत्र सांगत होतं, अजून दम आहे, थांब. थांबणं किती अवघड असतं! पाणी मागितलं असतं तर मला मिळालं असतं, आणि टेकडी गेली असती. मग एका दुपारी थेंब यायला खरंच उशीर झाला. मी पंप खाली ठेवून वर बघितलं, तर माझ्या ओळींमधल्या नळ्यांतून पाणी ठिबकायला लागलं होतं. कात्रीनने स्वतः जाऊन काकांना सांगितलं होतं, आज माझं राहू दे, तिला द्या. मी वेलीच्या बुंध्याशी बसून मनसोक्त रडले.

आणि आता ऐक. कात्रीनची टेकडी वाचली, पूर्ण वाचली. माझे मणी लहान, पण असे काळेभोर आणि गोड की वायनरीच्या माणसाने एक चघळला, साल बोटांत चिरडून बघितली आणि विचारलं, या द्राक्षांच्या वाइनला वेगळं पिंप देऊ का? आमच्या नावाने वेगळं पिंप, दाविद! आज सकाळी सभा झाली. जमीन कॉन्राडींना द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं विचारलं. एकही हात वर गेला नाही. अपोल्सकाकांनी तर दोन्ही हात खिशात घातले होते. कॉन्राडी साहेबांनीही मोठ्या मनाने टोपी उचलली, आणि जाता जाता यंत्र कुठे मिळतं ते विचारून गेले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. गेल्या हिवाळ्यात माझ्या आईच्या दफनानंतर चर्चच्या भिंतीशी तू मला विचारलंस, लग्न करून केप टाउनला येशील का, आणि मी म्हणाले, सुगीनंतर सांगते. तुला वाटलं असेल मी टाळतेय. मी टाळत नव्हते. मला तुझ्याकडे यायचं होतं, पण हरून, आसरा शोधत यायचं नव्हतं. आज मी हरलेली नाही, म्हणून मोकळेपणाने सांगते: मी केप टाउनला येणार नाही. तू इथे ये. काकांचे गुडघे आता चढ चढू देत नाहीत, पंपाला माणूस हवाय, आणि आयुष्यभर बसची इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला एक पंप जड जाऊ नये. मी त्यांना अजून तुझं नाव सांगितलेलं नाही, आधी तुला विचारतेय. लग्नाला मात्र माझा होकार आहे. तो सोळाव्या वर्षीही होता, पण तेव्हा तू विचारलंच नाहीस.

तुझीच, आणि आता अजिबात वाट न बघणारी,
सार्लीना