खिडकीखालची नदी

३ मार्च
शेवटी नदीकाठी राहायला आलो. रिटायर झालेल्या माणसाला आणखी काय हवं? तीनशे वर्षांचं घर, कोरीव खिडकी, खाली पाणी. बायको भिंतीला हात लावून म्हणाली, ओल आहे. मी म्हणालो, ओल नाही, इतिहास आहे. तिने हात रुमालाला पुसला.
संकल्प: रोज पहाटे काठाने फेरी, मग गावाच्या इतिहासाचं लेखन. वरची कोरडी खोली अभ्यासिका केली. तिचं व्हायोलिन खाली ठेवलं. एवीतेवी तिच्या शिकवण्या आता बंदच आहेत.

४ मार्च
धुकं. फेरी रद्द.

२१ मार्च
दाढी करत होतो तर टूरिस्ट लोकांनी खालून माझे फोटो काढले. बायको म्हणते, आपण इथे राहतोय की आपल्याला मांडून ठेवलंय? खिडकी नीट लागत नाही. जुन्या वास्तूंच्या ऑफिसातला क्लार्क म्हणाला, परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. मला अभिमान वाटला. बायको स्वेटर घालून झोपली.

१२ एप्रिल
तिचा खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणाले, घर बदला. मी त्यांना नदीच्या हवेचे फायदे समजावून सांगितले. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. अनुभव कमी आहे त्यांना.

१५ एप्रिल
ती लेकीकडे गेली. आठवडाभरासाठी. बॅग जरा मोठी वाटली. असो. लेखनाला एकांत हवाच होता.

२६ मे
ती अजून तिकडेच. दुपारी फोन केला. लेक म्हणाली, बाबा, आई झोपलीय. मागून तिच्या आईसारखं कुणीतरी हसलं. टीव्ही असेल.
हसताना खोकला मात्र आला नाही.
लेखन: पुस्तकाचं नाव बदललं.

२ जुलै
पाणी चढतंय. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत गेली, खालचं सामान वर घ्या. उगीच घबराट. जुने लोक मूर्ख नव्हते, घरं विचार करून बांधली आहेत. तरी उद्या सकाळी बघू.

३ जुलै
सकाळी उठलो तर खालच्या खोलीत गुडघाभर पाणी. अभ्यासिकेला काही झालं नाही. कागद सगळे कोरडे. कोरेही.

५ जुलै
पाणी उतरलं. व्हायोलिनची पेटी सोफ्यामागे सापडली. उघडली. सरस विरघळून सांधे सुटलेत. वरची फळी वेगळी, मान वेगळी. तिच्या वडिलांनी दिलेलं. लग्नाच्या आधीपासून तिच्याजवळ होतं.
आज फोन करून सांगायचं. फक्त शब्द नीट जुळले पाहिजेत.

९ जुलै
फोन केला नाही. ती कामात असेल.

१४ जुलै
ती न कळवता आली. मी दारातच पुराबद्दल बोलायला लागलो, किती वर्षांनी एवढा आला वगैरे. ती सरळ पेटीकडे गेली. रडली नाही. एकेक तुकडा टॉवेलमध्ये गुंडाळला. मग विचारलं, तुम्हाला काही लागलं नाही ना? मी म्हणालो, चांगला कारागीर शोधतो. ती म्हणाली, मी शोधते.
मग म्हणाली, लेकीच्या शेजारी दोन खोल्या घेतल्यात. तिसरा मजला, ऊन भरपूर येतं. शिकवण्या परत सुरू करतेय. तुम्हाला यायचं तर या, पण मी आता इकडे येणार नाही.
मी म्हणालो, पुस्तक हातावेगळं झालं की येतोच.
ती म्हणाली, बरं.
तिच्या 'बरं'चा मला आजवर सोयीचाच अर्थ लागायचा. आज दुसराही लागला. तो इथे लिहीत नाही.
स्टँडवर पोचवायला गेलो. बस सुटली तसा हात हलवला. बस वळेपर्यंत हलवत राहिलो. शेजारी उभा असलेला हमाल म्हणाला, साहेब, बाई त्या बाजूच्या खिडकीत बसल्या होत्या.